घरची मोटार आणि तिची वही

गेल्या महिन्यांत विहिरीवरील पंपाच्या निगेविषयीं आम्हीं जें लिहिलें, त्यावर पुष्कळ वाचकांचीं पत्रें आलीं. त्यांतील एक पत्र परांडा तालुक्यांतील एका वाचकभगिनींचें आहे. त्यांच्या मामंजींची दोन दारांची जुनी स्टँडर्ड हेरल्ड मोटार गोठ्याशेजारच्या छपरांत नऊ वर्षें उभी आहे. घरांतील वडील मंडळींचें म्हणणें, ती भंगारवाल्यास देऊन जागा मोकळी करावी. दोघे तरुण पुतणे म्हणतात, ही नुसती मोटार नव्हे, स्पोर्ट्स कारच आहे. आम्ही ती घरींच दुरुस्त करूं. मुलांस होकार द्यावा तर त्यांच्या जिवाची काळजी वाटते, नकार द्यावा तर मामंजींची आठवण दारांतून जाते, अशा पेंचांत या बाई सांपडल्या आहेत.

या प्रश्नाचें उत्तर आम्हांस पुस्तकांतून शोधावें लागत नाहीं. धाराशिवास आमच्या घरींही १९६६ सालची एक हेरल्ड आहे. ती आम्हीं राखली, मध्यंतरीं आमच्याच अज्ञानानें जवळजवळ गमावली, आणि पुन्हां राखली. तेव्हां आज तिचीच हकीकत सांगतों. उत्तर तींतच आहे.

प्रथम मुलांच्या म्हणण्याविषयीं. तें अगदींच खोटें नाहीं. इंग्लंडांतील स्टँडर्ड-ट्रायम्फ कंपनीनें १९५९ सालीं ट्रायम्फ हेरल्ड ही मोटार काढली. तिची आकृति तुरिन येथील मिकेलोत्ती नांवाच्या इटालियन कलावंतानें बेतली होती. १९६१ पासून तीच मोटार मद्रासेस स्टँडर्ड हेरल्ड या नांवानें होऊं लागली व सुमारें दहा वर्षें होत राहिली. त्या काळीं आपल्या देशांत नवी मोटार घ्यावयाची म्हणजे मुख्यतः तीनच नांवें ऐकूं येत: उत्तरपाड्याची ॲम्बॅसडर, कुर्ल्याची फियाट आणि मद्रासची हेरल्ड. कुर्ल्याच्या प्रीमियर कंपनीची १९४४ सालीं स्थापना करणारे शेठ वालचंद हिराचंद हे आपल्या शेजारच्या सोलापूरचे, हें वाचकांस ठाऊक असेलच.

या तिघींत हेरल्डची घडण निराळी. तिचा लोखंडी सांगाडा स्वतंत्र असून अंगाचे भाग त्यावर बोल्टांनीं बसविलेले असतात. १९६२ सालीं ट्रायम्फ कंपनीनें याच सांगाड्यावरून बेतून स्पिटफायर ही दोन बैठकींची, उघड्या छपराची स्पोर्ट्स कार काढली. पुढच्या चाकांची जोडणी आणि मागील आडवे पाटे यांची रीति दोघींत एकच. ही स्पिटफायर परदेशांत लाखोंनी खपली व आजही हौशी लोक ती घराच्या अंगणांत दुरुस्त करीत असतात. त्यामुळें तिचे व पर्यायानें हेरल्डचेही कित्येक सुटे भाग इंग्लंडांत अद्याप नवे तयार होतात. घरीं काम करणाऱ्यास हेरल्ड सोयीची आहे तीही तिच्या घडणीमुळें. तिचें बॉनेट दोन्ही मडगार्डांसह पेटीच्या झांकणाप्रमाणें पुढें उलटतें आणि मग माणूस पुढच्या चाकावर बसून इंजिनाचें काम करूं शकतो. शिवाय ती अवघ्या पंचवीस फुटांच्या घेरांत वळते. आमच्या वाड्याच्या अरुंद बोळांतून दुसरी मोटार एका दमांत बाहेर निघत नसे, ही निघे. याच वळणावर पुढें काय घडलें तें आतां सांगावयाचें आहे.

आमच्या वडिलांनीं ही गाडी १९७४ सालीं जुनी म्हणून घेतली. ते वकिली करीत. आठवडाभर काळा कोट अंगावर असे, पण रविवारीं सकाळीं स्नानापूर्वीं जुनें धोतर आंवळून ते मोटारीखालीं शिरत. मदतीस मात्र आम्हां भावंडांपैकीं कोणास घेत नसत. मुलांनीं अभ्यास करावा, हात काळे करूं नयेत, असें त्यांचें मत होतें. आम्हांसही तें सोयीचें वाटे. मोटार सदतीस वर्षें बिनतक्रार चालली, आणि ती कशानें चालते हें त्या सदतीस वर्षांत आम्हीं एकदांही विचारलें नाहीं.

२०११ सालीं वडील वारले. मोटार तीन वर्षें पडवींत उभी राहिली. त्यांच्या हत्यारांच्या फळीवर तेलाची एक लहान कुपी होती; तिच्या पत्र्यावर खिळ्यानें "पुढचे दोन" एवढेच शब्द कोरलेले होते. हे पुढचे दोन कोण, तें कोणास उमगलें नाहीं. ओसरीवरील झोपाळ्याच्या कड्या कुरकुरत होत्या. त्यांतील पुढच्या दोन कड्यांसाठींच तें तेल असावें असें ठरवून आम्हीं तें झोपाळ्यास घालून संपविलें.

२०१४ सालीं धाकट्या बंधूंच्या मनांत आलें, गाडी पुन्हां चालू करावी. ती एका शहरांतील कारखान्यांत पाठविली. त्यांनीं ती धुऊन, रंगवून, जेथें जेथें ग्रीसची जागा दिसली तेथें तेथें ग्रीस भरून परत दिली. गाडी आरशासारखी चकाकत होती. मार्गशीर्षांत एके दिवशीं पहांटे तुळजापुरास देवीचें दर्शन घ्यावें व तसेंच पुढें घाट उतरून सोलापुरास एका लग्नास जावें, असा बेत ठरला. मागच्या बैठकीवर आमच्या वहिनी, एक वृद्ध आत्याबाई आणि सहा वर्षांची नात बसली. बंधूंनीं गाडी बोळांतून काढली, रस्त्याच्या तोंडाशीं चाक पुरतें वळविलें, आणि काडी मोडावी तसा आवाज होऊन पुढचें डावें चाक मडगार्डाखालीं मुडपलें. गाडी माणसाच्या चालीनें चालली होती, म्हणून कोणास खरचटलेंही नाहीं. तेंच तास-दीड तासानें तुळजापूरच्या घाटांत घडतें तर काय झालें असतें, याचा विचार त्या दिवशीं घरांत कोणीं मोठ्यानें बोलून दाखविला नाहीं. पण तो प्रत्येकाच्या चेहऱ्यावर होता.

सोलापूरच्या एका वृद्ध कारागिरास बोलावून आणलें. त्यानें मोडलेला तुकडा हातांत घेऊन बोटानें खरवडला आणि विचारलें, "साहेब, इथं ग्रीस कुणी भरलं? हितं नव्वद नंबर लागतं."

त्याच्या बोलण्याचा अर्थ असा. हेरल्डच्या पुढच्या प्रत्येक चाकामागें पोलादाची एक उभी दांडी असते. तिच्या खालच्या टोंकास आटे पाडलेले असतात व तें टोंक पितळेच्या एका ठोकळ्यांत बसतें. या ठोकळ्यास ट्रनियन म्हणतात. स्टिअरिंग वळविलें कीं दांडीचे आटे या पितळेंत फिरतात. गाडीच्या पुढच्या बाजूचें ओझें याच जोडावर असतें. त्या आट्यांत गिअरपेटींत घालतात तें घट्ट तेल, ज्यास आपल्याकडील कारागीर नव्वद नंबर म्हणतात, तें घालावें लागतें. कारण तेल आट्या-आट्यांतून झिरपत शेवटपर्यंत पोहोंचतें. ग्रीस तोंडाशींच थबकतें, कालांतरानें खडूसारखें वाळतें, त्यामागें पाणी शिरतें, पोलाद आंतल्या आंत गंजून बारीक होतें, आणि एके दिवशीं दांडी आट्यांपाशीं तुटते. चाक पुरतें वळविलेलें असतांना तिच्यावर ताण अधिक पडतो, म्हणून असा अपघात पुष्कळदां सावकाश वळतांनाच होतो. मोटारींत असे जोड दोन, डावा व उजवा. तेच "पुढचे दोन". वडिलांचें तेल आम्हीं झोपाळ्यास घातलें होतें.

कारखान्यास आम्ही दोष देत नाहीं. तेथील तरुण मुलांनीं हेरल्ड पूर्वीं पाहिलीच नव्हती. आणि आम्हांस तरी कोठें ठाऊक होतें? दोष आमच्या घराचा होता. आमच्यासारख्या घरांत तीन पिढ्यांचा जमाखर्च सांपडतो, जन्मपत्रिका सांपडतात, छापील कुलवृत्तांत सांपडतो. कोणत्या सालीं कोणाची मुंज झाली तें बिनचूक सांगतां येतें. परंतु हातानें करावयाची विद्या कोणीं लिहून ठेवीत नाहीं. ती करणाऱ्याबरोबर जाते. वडिलांच्या सदतीस वर्षांच्या अनुभवांतून आमच्या हातीं दोन शब्द उरले, आणि त्यांचाही अर्थ आम्हांस लावतां आला नाहीं.

त्या मोडतोडीनंतर दोन्ही बाजूंच्या दांड्या व ट्रनियन इंग्लंडांतून टपालानें मागविले, बसविले, आणि त्याच दिवशीं वहिनींनीं एक वही घातली. घरखर्चाची वही त्याच ठेवीत. हीही त्यांनींच ठेवावी असें ठरलें. प्रत्येक पानास चार रकाने: तारीख, किलोमीटर, काय केलें, कोणीं केलें. पहिल्या पानावर तांबड्या शाईनें एकच सूचना आहे: "पुढचे दोन म्हणजे पुढच्या चाकांचे ट्रनियन. यांस ग्रीस घालूं नये. नव्वद नंबरचें तेल, वर्षांतून दोनदां, पावसाळ्यापूर्वीं व दसऱ्यापूर्वीं. जोडांतून जुनें तेल बाहेर येईपर्यंत भरावें." आज घरांतील बारा वर्षांच्या मुलासही ही सूचना पाठ आहे.

या वहींतील कांहीं नोंदी वाचकांच्या उपयोगीं पडतील म्हणून येथें देतों.

उभी गाडी चालत्या गाडीहून लवकर नासते. ज्या निजामाच्या नांवावरून आपल्या जिल्ह्यास दीर्घकाळ उस्मानाबाद म्हणत, त्या मीर उस्मान अली खान यांची १९१२ सालची रोल्स-रॉईस हैदराबादेस चौमहल्ला राजवाड्यांत पाहावयास मिळते. जगांतील उत्तम मोटारींपैकीं ती एक; पण फारशी न चालतां पडून राहिल्यानें तिचाही पुढें जीर्णोद्धार करावा लागला. तेव्हां आपल्या गाडीची कथा काय? दर पंधरवड्यास पंधरा-वीस किलोमीटर तरी ती चालवावी. पडवींतच इंजिन पांच मिनिटें सुरू ठेवून भागत नाहीं. इंजिन पुरतें तापलें नाहीं तर त्यांत धरलेला दमटपणा तेलांत व धुराच्या नळींत सांचून उलट गंज वाढतो. ब्रेकचें तेलही हवेंतील पाणी शोषून घेतें, म्हणून गाडी चालो वा न चालो, दर दोन वर्षांनीं तें बदलावें.

पेट्रोलकडे आतां विशेष लक्ष हवें. २०२५ पासून देशांतील बहुतेक पंपांवर वीस टक्के इथेनॉल मिसळलेलें पेट्रोल मिळतें. आपल्याच मुलखांतील उंसाच्या मळीपासून व धान्यापासून तें होतें, ही संतोषाची गोष्ट. पण १९६६ सालच्या रबरास तें मानवत नाहीं. नळ्या आंतून मऊ पडून फुगतात, पंपाचा पडदा ताठरतो, आणि गरम इंजिनावर पेट्रोल ठिबकूं लागलें म्हणजे आगीस निमंत्रणच. सर्व रबरी नळ्या व पंपाचा पडदा इथेनॉल सोसणाऱ्या जातीचे घालावे. व्हायटन नांवानें अशा नळ्या मिळतात. हें पेट्रोल पाणीही ओढून घेतें, म्हणून गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टांकींत तें सांचवून ठेवूं नये.

रेडिएटरमध्यें बोअरचें पाणी घालूं नये. आपल्याकडील पाणी जड. भांड्यांस जसें पांढरें कीट धरतें तसेंच तें रेडिएटरच्या बारीक नळ्यांत धरतें, आणि वैशाखांत पारा चाळीसच्या वर गेला कीं इंजिन उकळतें. बॅटरीसाठीं आणतों तेंच शुद्ध पाणी कूलंट मिसळून घालावें.

इंजिनाच्या वाल्व्हांची फट हें काम मुलांस फार आवडतें. या इंजिनास आठ वाल्व्ह. फट थंड इंजिनावर दहा हजारांश इंचाची. कोणता वाल्व्ह केव्हां तपासावा यास नवाचा नियम लागतो. आठवा पुरता उघडला असतां पहिला तपासावा, सातवा उघडला असतां दुसरा, सहावा उघडला असतां तिसरा. बेरीज नेहमीं नऊ. आमची ती नात आतां कॉलेजांत जाते. सुटींत आली कीं पट्टी हातांत घेऊन हें काम तीच करते आणि वहींत आपली सही करते.

आतां मुलांच्या जिवाविषयीं. हा प्रश्न त्या भगिनींनीं विचारला तो अगदीं योग्य आहे. २०१६ सालीं आमचा पुतण्या पुढचें चाक काढून काम करीत होता. जॅक अंगणांतील मुरमावर टेंकविलेला. आदल्या रात्रीं पाऊस पडून मुरूम भिजला होता, हें कोणाच्या ध्यानांत आलें नाहीं. जॅक खचला आणि गाडी कलली. पण सोलापूरच्या त्या वृद्ध कारागिरानें शिकविलें होतें कीं, चाक काढलें म्हणजे तें प्रथम सांगाड्याखालीं आडवें सरकवावें, मग दुसरें काम. गाडी चाकावर टेंकली. पुतण्याचा हात तिच्या खालींच होता, पण चिरडला नाहीं. तो उठून बसला तेव्हां त्याच्यानें बोलवेना. बऱ्याच वेळानें म्हणाला, "काका, चाक घातलं नसतं तर?" आम्हीं म्हटलें, "अरे, आधीं हें वहींत लिही." त्या दिवसापासून आमच्या घरीं जॅकवर उचललेल्या गाडीखालीं कोणी जात नाहीं. फरशीवर जाड लांकडी ठोकळे किंवा लोखंडी स्टँड लावावयाचे, मागच्या चाकांस पाचर, काढलेलें चाक सांगाड्याखालीं, आणि दुसरें मोठें माणूस जवळ. यांतील एक जरी उणें असेल तर त्या रविवारीं काम होत नाहीं.

आणखी दोन गोष्टी. जुन्या ब्रेकच्या अस्तरांत ॲस्बेस्टॉस असे. त्याची धूळ फुंकरीनें वा वाऱ्याच्या नळीनें उडवूं नये, ओल्या फडक्यानें पुसून तें फडकें फेकून द्यावें, कारण ती धूळ फुप्फुसांस घातक आहे. आणि विजेच्या तारांस हात लावण्यापूर्वीं बॅटरीची तार सोडावी.

घरीं काय करूं नये, हेंही सांगितलें पाहिजे. सांगाडा जोडणें, सिलिंडर घासणें, क्रँक तासणें हीं कामें यंत्रशाळेचीं. ब्रेकच्या तेलाचें काम पहिल्या वेळीं जाणत्या कारागिराकडून शेजारीं बसून करून घ्यावें, दुसऱ्या वेळीं त्याच्या देखत स्वतः करावें, मगच एकट्यानें. त्याला मजुरीखेरीज शिकविण्याचे पैसेही द्यावे. ही विद्या त्यानें फुकट मिळविलेली नाहीं.

कागदपत्रांचेंही पाहावें. पंधरा वर्षांनंतर खासगी मोटारीची नोंदणी दर पांच वर्षांनीं तपासणी करवून नवी करावी लागते. १९२१ वा १९३१ सालच्याच गाड्या जुन्या समजाव्या असें नाहीं. पन्नास वर्षांवरील व मूळ रूपांत राखलेल्या मोटारींसाठीं २०२१ सालीं केंद्र सरकारनें स्वतंत्र व्हिंटेज नोंदणी सुरू केली आहे. तिची मुदत दहा वर्षें असते. पण अशी गाडी प्रदर्शन, जुन्या मोटारींची फेरी, दुरुस्ती, पेट्रोल भरणें अशाच कारणांसाठीं रस्त्यावर आणतां येते, रोजच्या वापरास नाहीं. गाडी कशासाठीं ठेवावयाची हें घरानें आधीं ठरवावें व त्याप्रमाणें अर्ज करावा.

आतां परांड्याच्या भगिनींस आमचें उत्तर. गाडी भंगारांत देऊं नये. पण मुलांच्या हातीं आज किल्लीही देऊं नये. पहिल्या महिन्यांत गाडी सुरू करण्याचा प्रयत्नसुद्धां न करतां त्यांनीं एक वही घालावी. मामंजींची गाडी ज्यांनीं पूर्वीं हांकली वा दुरुस्त केली असे जुने चालक व कारागीर परांड्यास, बार्शीस अजून असतील. त्यांच्याकडे जाऊन ते सांगतील तें लिहून घ्यावें. मामंजींच्या हत्यारांवर, डब्यांवर कांहीं खूण असेल तर ती न समजली तरी उतरून घ्यावी. सासूबाई असतील तर त्यांस अवश्य विचारावें. रविवारची न्याहरी कोणत्या कामासाठीं खोळंबत असे, तें त्यांच्या ध्यानांत असेल. महिनाभर ज्या मुलांच्यानें हें होईल, त्यांच्या हातीं पाना द्यावा. ज्यांच्यानें होणार नाहीं, त्यांची हौस मोटार चकाकेपर्यंतची आहे असें समजावें.

त्यांच्या दोन्ही पुढच्या जोडांत काय भरलें आहे, तें मात्र गाडी एक हात पुढें नेण्यापूर्वीं उघडून पाहिलें पाहिजे. नऊ वर्षांत तेथील तेल सुकलें असणार. दांडीवर गंजाची रेघ दिसली तर ती बदलल्याशिवाय गाडींत कोणास बसवूं नये. हा खर्च टाळण्याजोगा नाहीं.

आमच्या घरीं खंडेनवमीस हत्यारांची पूजा होते, तेव्हां पाने, ग्रीसगन आणि तेलाची कुपी यांच्याबरोबर ती वहीही पाटावर मांडतात. जुन्या कुपीवरचे दोन शब्द अजून तसेच आहेत. शेजारीं नव्या कुपीवर वहिनींनीं पुरें वाक्य लिहून चिकटविलें आहे.

पुढील अंकीं शिवणयंत्राच्या निगेविषयीं लिहूं. ज्यांच्या घरीं आजीच्या काळचें यंत्र असेल, त्यांनीं त्यासंबंधींच्या नोंदी आमच्याकडे अवश्य पाठवाव्या.